केमचे चार दिवस

पौष लागला की आमच्या गल्लीत हुरड्याची कणसं घेऊन बायका येतात. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं आणि फडक्याखाली दुधानं भरलेली हिरवी कणसं. यंदा त्या आल्या तेव्हा मी ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. कार्तिकात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांनी तो उतरला, पण पायांत बळ आलं नव्हतं आणि वेणीत बोटभर केस उरले होते. कणसांचा तो हिरवा, ओलसर वास नाकात गेला आणि मी घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

त्याच दिवशी डॉक्टर येऊन गेले. नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. चार दिवस हवापालटासाठी कुठंतरी घेऊन जा."

हे रेल्वेत फिटर आहेत. घरच्यांना वर्षाकाठी पास मिळतो आणि तो दरवर्षी तसाच राहतो. डॉक्टर गेल्यावर पायरीवर बसून ह्यांनी विचारलं, "यंदा तरी जायचं का? कुटं म्हणशील तितं जाऊ."

मी म्हणाले, "बघू."

तेरा वर्षांत हे किती वेळा विचारून झालं असेल आणि किती वेळा मी "बघू" म्हटलं असेल. कारण मी कधी सांगितलं नाही, ह्यांनीही खोदून विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक आहे. हवापालट म्हणून मी एकदाच घर सोडून गेले होते. बारा वर्षांची होते. केमच्या रानात चार दिवस राहिले. माझ्या आयुष्यातली तेवढीच सुट्टी. तिच्याइतके सुखाचे दिवस मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाहीत. ते सुख आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

आमच्यासारख्यांच्या घरात सुट्टी हा शब्दच नव्हता. खाडा हा शब्द होता. अप्पा सोलापूरच्या गिरणीत घडीखात्यात होते. दिवसभर कापडाची ठाणं घडी करून करून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. माणूस गाव सोडून जायचा तो लग्नाला, मयताला, नाहीतर जत्रेला. कुठंतरी जाऊन नुसतं बसायचं, झाडं बघायची, हवा खायची, हे साहेबलोकांचं नाहीतर वकिलांचं काम. माझ्या वर्गात एका वकिलाची मुलगी होती. ती दर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाई. "तिथं काय करता गं तुम्ही?" असं मी एकदा विचारलं, तर ती जरा विचार करून म्हणाली, "काही नाही." सगळ्या घरानं मिळून, ट्रंका भरून, काही न करण्यासाठी इतक्या लांब जायचं, याचं मला फार नवल वाटलं. संध्याकाळी ते मी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "त्यांना काय न करायला बी जागा लागती."

त्या वर्षी दसऱ्यानंतर अक्का घरी आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण गोदावरी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला कुर्डुवाडीला दिली होती. नवरा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात कामाला. मी त्यांना दाजी म्हणायची. अक्काला सोडायला तिचा दीर आला. त्यानं ट्रंक दारात ठेवली आणि त्याच टांग्यानं तो परत गेला, पाणीसुद्धा प्याला नाही. अक्काची मुलगी चंदा दीड वर्षाची होती. ती बरोबर नव्हती.

"पोरगी कुटं हाय?" आईनं विचारलं.

"सासूबाईंनी ठिवून घितली," अक्का म्हणाली. "माझा खोकला बरा होईस्तवर."

पोरीला अंगावरनं तोडून चारच दिवस झाले होते. अक्का भिंतीला टेकून बसायची आणि दोन्ही हातांनी छाती दाबून धरायची. मला वाटायचं खोकल्यानं दुखत असेल. ते खोकल्याचं दुखणं नव्हतं, हे मला कळायला स्वतःला मूल व्हावं लागलं.

अप्पांनी तिला डॉक्टरांकडं नेलं, मलाही बरोबर नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मोकळी हवा, दूध, अंडी, विसावा असं सगळं सांगितलं आणि विचारलं, "पाचगणीला नेता येईल? निदान मिरजेला?" अप्पा मान हलवत राहिले. कुणी पत्ता सांगावा आणि आपण तो लक्षात ठेवतोय असं दाखवावं, तशी ती मान हलत होती. बाहेर आल्यावर त्यांनी कंपाउंडरला हळूच विचारलं, "पाचगणी कोणच्या बाजूला आली म्हणायची?"

चाळीत आमची एकच खोली. शेजारी विणकामवाल्यांचं तेलुगू कुटुंब होतं. त्या घरची नरसम्मा रोज आमच्याकडं विरजण मागायला यायची. अक्का आल्यापासून ती यायची थांबली. भांडण नाही, बोलणं नाही, नुसती थांबली. नळावर आमची घागर लागली की बायका आपली घागर दोन हात मागं ओढून घ्यायच्या. आई अक्काचं ताट निराळं ठेवायची आणि राखेनं तीन तीन वेळा घासायची.

अप्पांच्या खात्यात किसन नावाचा केमचा माणूस होता. तो म्हणाला, "माझ्या भावाचं रान हाय की, ठेसनाला लागूनच. हुरड्याचे दिस हायेत. कोपी घालून देतो म्हनतोय. चार दिस पोरीला तितं ठिवा. त्याच्यापरीस मोकळी हवा आनि कसली?" अप्पांनी चार दिवसांचा खाडा केला. आईनं चाळीत सांगितलं, "हुरड्याला चाललोय." ते ऐकून नरसम्मानं लांबूनच हसून मान डोलावली.

मला तर पंख फुटले होते. शाळेत मी त्या वकिलाच्या मुलीला मुद्दाम गाठून सांगितलं, "आम्ही हवापालटासाठी जाणार आहोत." तिनं विचारलं, "कुठं?" मी म्हणाले, "केमला." तिला केम ठाऊक नव्हतं. मी तोऱ्यात म्हणाले, "तुला नसेल ठाऊक."

गाडीत मी खिडकीशी बसले. मोहोळ गेलं, माढा गेलं. काळ्या रानात जोंधळा डोक्याएवढा उभा होता आणि वाऱ्यानं सगळा एकदम एका बाजूला कलत होता. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. इंजिन पाणी पीत होतं. पलीकडच्या रुळांवर छोट्या गाडीचे खेळण्यासारखे डबे उभे होते. अक्का उठून माझ्या जागी आली आणि गजांना कपाळ लावून गावाकडं बघू लागली. आईनं खिडकीची झडप ओढून घेतली.

"वारं लागंल," ती म्हणाली.

अक्कानं झडप वर सारली. आईनं पुन्हा ओढली नाही. अक्का म्हणाली, "घर न्हाय दिसत हितनं. पर आता जेवायचा भोंगा व्हईल. भोंगा झाला की ती उठती." भोंगा झाला तेव्हा गाडी हलली होती.

केमला किसनचा भाऊ दगडू बैलगाडी घेऊन उभा होता. त्याची बायको सरू रानातच होती. उंच, काळी, दात थोडे पुढं. तिनं अक्काकडं एकदाच नीट पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पण तिनं घागर मागं घेतली नाही. तिनं अक्काचा हात धरून तिला कडब्याच्या कोपीत नेलं. जमीन शेणानं सारवलेली होती, वर नवी वाकळ अंथरली होती. "हितं पड बया. दार मोकळं ठिव. वारं येऊ दे," ती म्हणाली.

त्या चार दिवसांचं मी काय सांगू? सकाळी दव इतकं पडायचं की बांधावरून चालताना परकराचा काठ जड व्हायचा. ऊन वर आलं की दगडू आगटी पेटवायचा. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, त्यावर कणसं. कणीस तडतडू लागलं की सरू ते उचलायची आणि गरम गरमच तळहातावर चोळायची. हिरवे मऊ दाणे सुपात पडत, फुंकर मारली की कोंडा उडून जाई. लसणाची चटणी, गूळ, दही. बोटं भाजत, जीभ भाजे, तरी हात थांबत नसे. दगडूनं मला पाखरं राखायच्या माळ्यावर चढवलं आणि गोफण फिरवायला शिकवली. पहिला खडा माझ्याच पाठीत बसला आणि अप्पा हसले. अप्पांना हसताना मी त्याआधी केव्हा पाहिलं होतं, ते मला आठवेना. ते दिवसभर बांधावर पाय पसरून बसत. घडी करायला काही नसल्यानं त्यांना हातांचं काय करावं ते कळत नसे. शेवटी त्यांनी कडब्याच्या पानांच्या घड्या घालायला सुरुवात केली.

अक्काला पहिले दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिनं मूठभर हुरडा खाल्ला. ती कोपीच्या दारात उन्हाला बसायची, आई तिचे केस विंचरायची. गालांवर लाली आली होती. मी आईला म्हणाले, "बघ, हवा लागू पडली." आई केस विंचरत राहिली. ती लाली कसली असते, ते तिला माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. अप्पा आणि दगडू गावात गेले होते. मी अक्कासमोर मांडी घालून सुपातला हुरडा खात होते. सरू बाजूला कणसं निवडत बसली होती. अक्का बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"इंदू," ती म्हणाली, "माझ्या चंदाला तू सांभाळशील का गं?"

"हो की," मी तोंडातला घास न गिळताच म्हणाले.

"नीट सांग. सांभाळशील? तिला कुणी मारू देणार न्हाईस? उपाशी ठिवू देणार न्हाईस?"

"न्हाई देणार."

"माझी शप्पत घे."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या बोटांचं चटणीचं तेल तिच्या लुगड्याला लागलं. ते पुसायला मी ओणवले, तेवढ्यात सरूचा आवाज आला.

"हिला कशापाई इचारतीस बया? तिला काय कळतंय? हुरडा खायचं वय हाय तिचं."

अक्का सरूकडं वळली नाही. माझ्याकडंच बघत ती म्हणाली, "म्हनूनच आत्ता इचारते. मोटी झाली की इचार करंल."

सरूच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मग ती उठली, सूप माझ्यासमोरून उचलून घेतलं आणि मला म्हणाली, "जा पोरी, पाखरं बसलीत बघ." मी पळत माळ्यावर गेले. त्या दुपारी माझा नेम पहिल्यांदा लागला.

तिसऱ्या दिवशी अक्कानं अप्पांना सांगितलं, "मला एकदा पोरगी दावा." केमला यायचं म्हटल्यावर तिनं आढेवेढे का घेतले नव्हते, ते तेव्हा सगळ्यांना समजलं. केमहून कुर्डुवाडी तासाभराची वाट. अप्पा गाडीनं गेले आणि दुपार कलल्यावर परत आले. बांधावर उभं राहूनच ते आईला सांगू लागले, पण कोपीत ऐकू जात होतं. सासूनं पोर द्यायला नकार दिला होता. "रोगाच्या तोंडी पोर देऊ व्हय," असं ती म्हणाली. दाजी काही बोलले नव्हते. पण अप्पांना ठेसनावर सोडायला ते आले आणि गाडी हलायच्या आधी म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं मी जेऊरला जातो. पोरीला संगं घेतो. केमला गाडी थांबती तवा खिडकीतनं दावतो. आईला सांगू नगा."

कोपीतून अक्का म्हणाली, "ते बरंय."

चौथ्या दिवशी सकाळी अक्कानं कढत पाण्यानं अंघोळ केली. हिरवं लुगडं नेसली. आईनं तिला कुंकू लावलं. केमात कुंकवाचा मोठा धंदा, सरूनं मूठभर ताजं आणून दिलं होतं. मलाही आईनं न्हाऊ घातलं, घट्ट वेणी घातली आणि अक्काचीच जुनी चोळी दिली. दगडूनं बैलगाडीतून आम्हाला ठेसनावर नेलं. अक्का फलाटाच्या मागं लिंबाखाली उभी राहिली. आई तिला म्हणाली, "जरा पुढं हो की." अक्का म्हणाली, "न्हाई. हितनं दिसतंय."

गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या एका खिडकीत दाजी होते आणि त्यांच्या मांडीवर चंदा उभी होती. डोक्याला लाल कुंची, तोंडाला गूळ लागलेला. अक्कानं मला पाठीत हलकेच ढकललं.

"तू जा पुढं."

मी खिडकीशी गेले. चंदानं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा अक्काच्या तोंडावळ्याची दिसायची, सगळेच म्हणायचे. निरोगी असतानाची अक्का जशी होती तशी. चंदानं दोन्ही हात गजांतून बाहेर काढले आणि माझी वेणी पकडली. मग ती हसली. मागं लिंबाखाली जी बाई उभी होती, तिच्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

दाजींनी माझ्या डोक्यावरून तिकडं पाहिलं. "बरं वाटतंय का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"व्हय," अक्का तिथूनच म्हणाली. "हवा चांगली हाय."

"जेवन जातंय?"

"जातंय. ती दूध पिती का?"

"पिती."

"कोमट करून देत जावा."

"व्हय."

गार्डाची शिट्टी झाली. चंदाच्या मुठीतून वेणी सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले. नवराबायकोचं ते शेवटचं बोलणं. दोघांच्या मधे बारा हातांचं अंतर होतं, आणि त्या अंतरात मी.

परत येताना बैलगाडीत अक्का माझ्या खांद्याला टेकली होती. ती म्हणाली, "वळखलं तिनं तुला." मला इतका अभिमान वाटला की मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत राहिले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही सोलापूरला आलो. चाळीत शिरताना मी नरसम्माला आपण होऊन सांगितलं, "लई मजा आली."

अक्का फाल्गुनात गेली. होळी दोन दिवसांवर होती. मी शाळेत होते. घरी आले तेव्हा चाळीतल्या बायका, ज्यांनी पाच महिने घागर मागं घेतली होती, त्या आमच्या दारात दाटीनं बसल्या होत्या.

पुढची गोष्ट लांब नाही. दाजींना दुसऱ्या मुली सांगून येऊ लागल्या, तसं अप्पा-आईचं बोलणं सुरू झालं. एक दिवस आमच्या शाळेच्या हेडबाई चाळीत आल्या. घरात खुर्ची नव्हती म्हणून त्या ट्रंकेवर बसल्या. "मुलगी पहिली येते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं थांबा. ट्रेनिंग कॉलेजात जाईल, मास्तरीण होईल. मी स्वतः लक्ष घालते."

अप्पा आपल्या बोटांकडं बघत होते. "बाई," ते म्हणाले, "पोरीनं बहिणीला सबूद दिलाय. मरणाऱ्या माणसाला. थोरलीनंच सांगितलंय मला."

हेडबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "खरं का गं?"

मी काय सांगणार होते? मी हो म्हणाले होते, शपथही घेतली होती. ते खोटं कसं म्हणू? पण अक्का विचारत होती तेव्हा मला वाटलं होतं, चंदाला चार दिवस केमला आणणार असतील आणि तेवढ्यापुरतं तिला खेळवायचं असेल. बारा वर्षांच्या पोरीला सांभाळणं म्हणजे तेवढंच ठाऊक असतं. हे मी हेडबाईंना सांगितलं नाही. मी मान हलवली. त्या उठल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

पुढच्या वैशाखात माझं दाजींशी लग्न झालं. तेरा पुरी झाली होती. दाजी म्हणायची सवय सुटायला वर्ष लागलं. मधूनच तोंडातून निघून जायचं आणि सासू हसायची. चंदा तीन आठवडे माझ्याजवळ आली नाही. खिडकीतली ती वेणी तिला आठवत नव्हती. मी वाटी घेऊन घरभर तिच्यामागं फिरायची आणि ती सासूच्या पदराआड लपायची.

हे वाईट नाहीत. वाईट असते तर मला रागावायला सोपं गेलं असतं. अक्काचं नाव ह्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही आणि माझ्यावर कधी हात उगारला नाही. सासू वारली, ह्यांची बदली सोलापूरला झाली. चंदाला मी शाळेत घातली, त्यासाठी दोन दिवस हट्टानं उपाशी राहिले. आता ती पंधरा वर्षांची आहे, दोन वर्षांनी मॅट्रिकला बसेल. तिची आई कोण, हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. कुसुम माझी, तीन वर्षांची.

मी खूप वर्षं अक्कावर राग धरला. तिला मारून टाकणाऱ्या रोगाचा मला राग नव्हता, सासूचा नव्हता, अप्पांचाही नव्हता. पण त्या दुपारी तिनं मला जाणूनबुजून धरलं. माझं वय बघून, माझं तोंड भरलेलं बघून धरलं. सरूनं एका वाक्यात जे थांबवायचा प्रयत्न केला, ते अक्का थांबवू शकत होती. श्राद्धाला पान वाढताना माझा हात आखडायचा. आणि त्याच रानातलं ते ऊन, ती आगटी, गोफणीचा तो नेम आठवला की कुणाला सांगू नये असं सुख वाटायचं. दोन्ही एकाच सुपातलं. एक निवडून दुसरं टाकता येत नाही.

परवाच्या दुखण्यात मात्र एक दिवस असा आला. तापाचा सोळावा की सतरावा दिवस होता. भर दुपार. बाहेर डॉक्टर ह्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत होते. मला शब्द कळत नव्हते, आवाजाची जात कळत होती. शेजारच्या घरातून कुसुमचं रडणं येत होतं. माझ्या उशाशी चंदा बसली होती. एका हातानं माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होती आणि मांडीवर तिचं बीजगणिताचं पुस्तक उघडं होतं. शाळा आठ दिवस बुडाली होती.

मी तिच्याकडं बघत होते. मला तिचा चेहरा दिसेना, पुस्तक दिसेना. नुसते दोन हात दिसत होते. मोठे, पुरे वाढलेले, कामाला आलेले. आणि ते वाक्य माझ्या घशातून वर आलं. माझ्या कुसुमला तू सांभाळशील का गं? अक्काचंच वाक्य, तिच्याच शब्दांत, फक्त नाव बदललेलं. चंदा लगेच हो म्हणाली असती. शपथ घ्यायलाही सांगावं लागलं नसतं. त्या क्षणी मला अक्का कळली. तिनं मला फसवलं नव्हतं. मरायला टेकलेल्या आईला समोरचं माणूस दिसतच नाही, तिला हात दिसतात. आणि हे कळल्यानं माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होता तिथंच आहे, त्याच्या शेजारी आता ही समज येऊन बसली आहे.

माझे ओठ हलले असावेत. चंदा वाकली. "काय म्हणायचंय आई? पाणी देऊ?"

मी जीभ दातांखाली दाबून धरली. भिंतीकडं तोंड केलं. तिनं पुन्हा विचारलं.

"पट्टीचं पाणी गळतंय," मी म्हणाले. "पुस्तक भिजंल. बाजूला ठेव."

मी जगले म्हणून आज हे सांगते. मेले असते तर कदाचित ते न विचारणं कुसुमच्या वाट्याला फार महाग गेलं असतं. त्या दुपारी मी बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही. मी विचारलं नाही एवढंच खरं.

काल ह्यांनी पुन्हा पासाचं विचारलं. मी म्हणाले, "काढा. पर कुर्डुवाडीवरनं जाणारा नको. खाली दक्षिणेला कुटंतरी काढा." हे म्हणाले, "गाणगापूरकडं काढतो."

चंदा आत दप्तर भरत होती. ती दारात आली. "मी येते बरोबर. कुसुमला कोण बघणार? चार दिवस शाळा बुडली तर काही होत नाही."

"तू शाळेत जायचं," मी म्हणाले. "कुसुमला घेऊन मी आणि हे जाऊ. तू शेजारी जेव."

"तुला भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही अजून. आणि तू तिला सांभाळणार?"

"सांभाळीन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. शाळेची घंटा झाली आणि तिनं दप्तर उचललं.